तेग्गीनपेठेची टाकी आणि माझी सही

मी, नीलांबिका कोम चन्नबसप्पा शिरहट्टी, वय ६८, होसकट्टे शहराची माजी महापौर, राहणार तेग्गीनपेठ, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. परवा माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. कोणाचे दडपण नाही असे इथे लिहायचे असते, म्हणून लिहिते. भीती मात्र आहे. फाटकाबाहेर वाहिन्यांच्या तीन गाड्या उभ्या आहेत, आणि भाऊ शिवयोगी दुपारी येतो म्हणाला आहे. तो यायच्या आत हे पुरे व्हायला हवे. अक्षर वाकडे आले तर त्या घाईमुळे आले असे समजावे.

१. राहते घर धाकटी बहीण गौरव्वा हिला. माझ्या राजीनाम्याच्या दिवशी तिच्या नवऱ्याने पेढे वाटले, हे मला त्याच संध्याकाळी कळले होते. तरी घर तिलाच. पण एकट्या तिच्या नावावर.

२. पती चन्नबसप्पा यांचे दोन हातमाग विणकर संघाला. मला नगरसेवक केले ते त्या संघाने, आणि पेठेतली पाण्याची टाकी पडल्यावर माझ्या दारात थुंकला तोही त्यांच्यातलाच एक. त्याची बायको टाकीखाली गेली होती. त्याच्यावर माझा राग नाही.

३. शिवयोगीला काही नाही. टाकी त्याने बांधली. चाचणीला पाणी भरले त्याच दिवशी ती कोसळली, दोन माणसे गेली. त्याच्या आठ दिवस आधी कनिष्ठ अभियंता फकिरप्पा तळवार याने तारीख घालून लेखी टिपण दिले होते: खांबांना तडे आहेत, पाणी भरू नये. ते टिपण मी फाइलमधून काढून घरी आणले आणि टाकी मजबूत असल्याच्या दाखल्यावर सही केली. ठपका आला फकिरप्पावर, नोकरी गेली त्याची. सहा वर्षे तो शेतातले पंप दुरुस्त करतो आणि वेळेत कळवले होते हे सिद्ध करायला कोर्टाच्या तारखांना जातो.

असे टिपण होते हे छापले एकट्या वार्ताहर वीरेश बडिगेरने. वाहिन्यांनी माझे एका ठेकेदाराशी सूत जुळवले, परदेशात बंगला दाखवला. ते सगळे खोटे होते, आणि त्या खोट्याच्या गर्दीत मी वीरेशचे खरेही खोटे म्हणून खपवले. लोकांना पटले. त्याच्या मालकाने त्याला काढून टाकले.

४. टिपणाची मूळ प्रत माझ्या मृत्यूनंतर फकिरप्पाला द्यावी. (हे कलम खोडले आहे. खोडाखोडीवर सही केली आहे. कारण पुढे.)

साक्षीला मी वीरेशला बोलावले. आला, याचेच नवल वाटले. त्याच्या नावे काही ठेवावे असे मनात होते, तर म्हणाला, "साक्षीदाराला घेता येत नाही अक्का. मी साक्षीदारच बरा."

मग चौथे कलम त्याने दोनदा वाचले.

"आणि तुम्ही बऱ्या होऊन घरी आलात तर?"

मी कलमातल्या 'मृत्यूनंतर' या शब्दावर बोट ठेवले.

"म्हणजे फकिरप्पानं तुमच्या मरणाची वाट बघत बसायचं."

आवाज चढवला नाही त्याने. शिवयोगीचा फोन दोनदा वाजून थांबला. पेन खाली ठेवले. मी उठले, कपाटातून टिपण काढले आणि त्याच्या हाती दिले. आधी फकिरप्पाच्या वकिलाकडे जाईल, छापायचे नंतर, असे त्याने सांगितले.

फकिरप्पाला फोन मीच लावला. जे केले ते सगळे सांगितले. पलीकडे पंप चालू होता, तो त्याने बंद केला. मग विचारले, "मॅडम, त्या कागदावरची तारीख अजून दिसते का?"

दिसते, म्हटले.

ठिकाण: होसकट्टे
दिनांक: ११ फेब्रुवारी २०१९, दुपारी सव्वाबारा

सही: नीलांबिका शिरहट्टी

साक्षीदार:
१. डॉ. नफीसा मुल्ला (लिहिणारी शुद्धीवर आहे, नाडी जलद आहे)
२. वीरेश मौनेश बडिगेर, वार्ताहर