बारा लिटरचा डोंगर

३ मार्च
स्कार्विकला पोचले. फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांमध्ये शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या फाट्याच्या काठी बावीस घरं आणि पाठीशी सरळसोट डोंगर. डोंगरावरून पायथ्याच्या जाळ्यात पडलेले दगड मोजून मला दर आठवड्याला सरासरी काढायची आहे. एका दगडाच्या आकारमानाची सरासरी चाळीस लिटरच्या वर गेली की गाव रिकामं करायचं, असा नियम. माझ्या आधी अकरा वर्षं हे काम करणाऱ्या तोर्ग्रिमनी गेली दहा वर्षं ती बाराच काढली. गावप्रमुख गुद्नीबाईंनी तपकिरी चीज घालून वॉफल खाऊ घातलं. फार छान वाटलं.

९ मार्च
तोर्ग्रिमचं गणित चुकतंय. दगड सुपारीएवढे, नाहीतर एकदम कपाटाएवढे, म्हणून ते लघुगणकांची सरासरी काढून ती पुन्हा लिटरमध्ये उलटवतात. एक आणि शंभर लिटरचे दगड घेतले तर त्यांच्या रीतीने दहा येतात, खरी सरासरी पन्नासच्या वर. उलटवण्याआधी विखुरणीच्या, म्हणजे लघुगणकांच्या प्रमाण विचलनाच्या, वर्गाचा निम्मा मिळवावा लागतो. तो मिळवला. वीस. हरकत नाही.

१६ मार्च
लघुगणकांची सरासरी तीच, पण विखुरणी दुप्पट. मोठे दगड आणखी मोठे, आणि बरोबर तेवढ्याच पटीने खडी आणखी बारीक. जुन्या रीतीने आजही बारा. खरी सरासरी नव्वद.
हे कुणी जुळवून आणल्यासारखं आहे. मला भीती वाटते.

१७ मार्च
तोर्ग्रिमना विचारलं. त्यांना दुरुस्ती माहीत होती. पहिल्या वर्षी ती करून त्यांनी गाव हलवलं, काहीच पडलं नाही, लोक वर्षभर हसले. तेव्हापासून त्यांनी ती सोडली. सांगताना माझ्याकडे पाहवेना त्यांना.
गुद्नीबाईंना नव्वदचा आकडा दाखवून गाव रिकामं करायला सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगं, आलीस काल आणि आम्हाला डोंगर शिकवतेस? उद्या पुन्हा मोज. उद्याही चाळीसच्या वर गेलं, तर मीच सगळ्यांना बोटीत बसवते, मग तर झालं?"

१८ मार्च, सकाळ
जाळं रिकामं. खडासुद्धा नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदा.
शून्याचा लघुगणक निघत नाही. आकडाच नाही — त्यांना काय दाखवू —

दुपार
गुद्नीबाई हसल्या. "बघ, डोंगर दमला बिचारा." सगळे सभागृहात कॉफीला जमलेत, डोंगराच्या अगदी खाली. डोंगरातून येणारा झराही आज आटलाय; दगड वरच अडलेत, आत काहीतरी सरकतंय. मी आत जाऊन सगळ्यांना बाहेर पडायला सांगितलं. कुणी उठलं नाही. तोर्ग्रिम तेवढे उठले, रडत —

पुन्हा जाते. एकेकाला हाताला धरून —

जमीन हल