बायकोच्या विसरभोळेपणाची नोंद

३ जून, सकाळ
उपाशीपोटी शुगर २८६. वजन ११४. डॉक्टर म्हणतात, असंच चाललं तर मेंदूवर परिणाम होईल. स्वतः काडीपैलवान, त्यांना वजनातलं काय कळणार! एकतीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवलं. अर्ध्या गावाला क्लच आणि ब्रेक मी शिकवला. माझा मेंदू ठणठणीत आहे.
तरी उद्यापासून चालणं सुरू, गोड बंद. घरातली बिस्किटं आजच संपवली. मोह नको.
ही वही मात्र बायकोसाठी. हल्ली तिला काही आठवत नाही. गोळी घेतलीत म्हणते. घेतली नव्हती. मग घेतली.

६ जून
चालायला निघालो. बेकरीपर्यंत गेलो. परत आल्यावर ताट वाढ म्हटलं. अहो, आत्ताच तर जेवलात, म्हणाली. बिचारी. वाद घातला नाही. जेवलो.

११ जून, दुपार
कहर! मी गाडीने घरी पोचलो, त्यानंतर दोन तासांनी बायको रिक्षातून आली, एकटी, रडत. मी तिला पेट्रोल पंपावर विसरून आलो म्हणे. गाडीत ती होतीच कुठे? आता घर सोडून भटकायलाही लागली.

१४ जून
मुलगी आली. आईचं सगळं तिच्या कानावर घातलं. ढसाढसा रडली. निदान एकीला तरी पटलं. जाताना गाडीची किल्ली घेऊन गेली. आईच्या हाती पडायला नको म्हणून असेल. आईला गाडी येत नाही (मीच शिकवली नाही, तिला जमलं नसतं), पण काळजी घेतलेली बरी.

१७ जून
बायकोला तपासायला नेलं. मुलगीही सोबत आली. ती घाबरू नये म्हणून डॉक्टरांनी आधी मलाच बसवलं. घड्याळ काढा म्हणाले. वर्तुळ झकास जमलं. बाराही आकडे उजवीकडे लावले. डावी बाजू पार्किंगला मोकळी ठेवली, म्हटलं. कोणी हसलं नाही. बायकोला तपासलंच नाही. मुलीला बाहेर नेऊन बराच वेळ बोलले. म्हणजे हिची केस हाताबाहेर गेलेली दिसते.

१८ जून, संध्याकाळ
शेवटी मीच हिची परीक्षा घेतली. समोर बसवलं. तीन शब्द सांगितले, लक्षात ठेव म्हटलं. पाच मिनिटं थांबलो. आता सांग म्हटलं. तिने तिन्ही शब्द धडाधड सांगितले.
बरोबर होते का, ते मला ठरवता येईना.
तिलाच विचारलं.