जनी कुठं उभी आहे

ता. १२ नोव्हेंबर १८८८, बाळकुम

आलो एकदाचे! कल्याणहून ठाण्यापर्यंत आगगाडी आणि पुढे टेंभीवरून बैलगाडी. मी गाडीवानाशेजारी बसले होते, त्याने थोडा वेळ मला कासराही धरू दिला. अण्णा मीठखात्यात कारकून आहेत, त्यांची इथल्या मिठागरांवर बदली झाली आहे. आई, अण्णा आणि मी उत्तरा, वय वर्षे अकरा, एवढेच आम्ही. घर लहान आहे, पण माझ्या खिडकीतून थेट खाडी दिसते आणि मिठागरांच्या चौकोनांत आभाळ पडलेले दिसते. ही वही अण्णांनी दिली. रोज लिहिलं की अक्षर सुधारतं म्हणाले. अक्षर सुधारून पोरीला कुठे कचेरीत बसायचंय, असं आई म्हणाली. अण्णा नुसते हसले.

ता. १४

आज चंद्रभागा कोळीण मासे घेऊन आली. कडेवर तिचा दोन वर्षांचा गुणाजी, डोक्यावर पाटी. मागे माझ्याएवढी एक मुलगी, चंद्रभागेचा पदर मुठीत घट्ट धरून. ती नखशिखांत भिजलेली होती. तिला कुणी अंग पुसायलासुद्धा सांगितलं नाही, ह्याचं मला नवल वाटलं. त्या गेल्यावर मी आईला विचारलं, ती मुलगी एवढी ओली का होती. आई म्हणाली, कोण मुलगी? ओसरीवर लहान पावलांचे ओले ठसे होते. आईने पाटीतलं पाणी सांडलं म्हणून ते पुसून टाकले.

ता. १९

ती रोज येते. बोलत नाही, कुणाकडे बघत नाही, फक्त चंद्रभागेकडे बघते. ओठांच्या कडांना करडा चिखल आहे, तोंड त्यानेच भरलं असावं. आज गुणाजी माती खात होता तेव्हा ती खाली वाकली आणि त्याचा हात धरू लागली. तिची बोटं त्याच्या हातातून आरपार गेली. तिने पुन्हा धरून पाहिलं. मग पुन्हा पदर पकडला.

शेजारच्या काकूंना मी आडून आडून विचारलं. त्या म्हणाल्या, चंद्रभागेला थोरली मुलगी होती, जनी. आषाढात ओहोटीला कालवं काढायला चिखलात गेली आणि भरतीने तिला नेलं. ती सापडलीच नाही. चंद्रभागेनेच तिला पाठवलं होतं, पाटी भरल्याशिवाय घरी यायचं नाही म्हणून दटावून.

मला भीती वाटली. पण भीतीपेक्षा रडूच जास्त आलं.

ता. २१

मी सांगितलं. सांगायला नको होतं का? आई आत गेली होती. चंद्रभागा बोंबील निवडताना एकदम थांबली आणि नुसतीच खाडीकडे बघत बसली. मला राहवलं नाही. म्हटलं, जनी तुझ्यामागेच उभी आहे. तिने माझ्या थोबाडीत मारायला हात उचलला. मग मी जनीच्या डाव्या भुवईवरचा व्रण सांगितला. तो हात तसाच वर राहिला.

“बाय गो, कुठं उभी हाय? मना दाखव.”

मी बोट दाखवलं. ती त्या जागेकडे तोंड करून बसली आणि हवेतून हात फिरवत राहिली. “रागावली हाय का माझ्यावर?”

मी म्हटलं, नाही, हसते आहे. खोटं होतं ते. तोंडात एवढा चिखल असल्यावर कुणी कसं हसेल?

ता. २५

चंद्रभागा आता मासे आणत नाही. सकाळीच येते आणि अंगणात बसते. जनी काय करते गो, जनी कुठं बघते गो. मी सांगते. मी जितकं सांगते, तितकी जनी दाट होत चालली आहे. आधी तिच्यामागची भिंत दिसायची, आज दिसली नाही. गुणाजी भुकेने रडत होता, तरी चंद्रभागेने त्याला जवळ घेतलं नाही. शेवटी आईने त्याला पेज भरवली. चंद्रभागेच्या मनगटावर चार निळी बोटं उमटली आहेत. ती मला दाखवून म्हणाली, “बघ, धरलंन मना.” आणि इतकी खूष झाली!

ता. २८

काल दुपारी भर उन्हात चंद्रभागा भरतीच्या पाण्यात चालत गेली. गळ्यापर्यंत. तिच्या नवऱ्याने, गोमाजीने, होडीतून पाहिलं म्हणून वाचली. कुणीतरी हात धरून नेत होतं, असं ती म्हणते.

गोमाजी आमच्याकडे आला. अण्णांसमोर नाही, माझ्यासमोर हात जोडले. एवढा मोठा माणूस. “बाय, जनी माझी बी पोर होती. पन हा धाकटा जिता हाय. त्याला आय पायजे. तिला सांग, जनी गेली.”

ता. २९

सांगितलं.

चंद्रभागा अंगणात बसली होती. जनी तिला चिकटून, डोकं तिच्या मांडीवर. मी म्हटलं, जनी आता नाही. पहाटे गेली. तुझ्यावर राग नाही म्हणाली, गुणाजीला सांभाळ म्हणाली.

चंद्रभागेने विचारलं, “मना न भेटता गेली?” आणि तिथेच आडवी पडून रडली. खूप वेळ. मग उठली, गुणाजीला पदराखाली घेतलं आणि घरी गेली.

पदर जनीच्या मुठीतून सुटत सुटत गेला. ती मागे धावली नाही. तिने पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. ओरडायला तोंड उघडलं आणि त्यातून चिखल पडला. नुसता चिखल.

ता. १ डिसेंबर

फाटकाशी उभी आहे. सकाळपासून.

आईला सांगितलं. आईने मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या.

ता. २

ओसरीवर आहे. मी म्हटलं, जनी, माझं चुकलं. तुझ्या धाकट्या भावासाठी केलं. तिला ऐकू येतं की नाही कोण जाणे — मान हलली नाही. आता तिला ओळखणारी मी एकटीच. मीही नाही म्हटलं तर ती कुठे जाईल?

ता. ३

ताप. अण्णा वैद्यांना आणायला ठाण्याला गेलेत. माझा परकर गुडघ्यापर्यंत ओला. आई बदलते, पुन्हा ओला —

आज डाव्या मनगटावर चार बोटं. निळी.

ता. ४, दुपार

अण्णा मिठागरावर, आई विहिरीवर गेली आहे. भरती चढते आहे. जनी ओढते आहे, सारखी ओढते. मी डाव्या हाताने खिडकीचा गज धरलाय, उजव्याने लिहिते. अक्षर वाईट येतंय, अण्णा.

बांधावरून चंद्रभागा चालली आहे. डोक्यावर पाटी, कडेवर गुणाजी. त्याला काहीतरी गाऊन दाखवते आहे. तो टाळ्या वाजवतो आहे. जनीलाही दिसलं — ओढायची थांबली. आईकडे बघते आहे.

मी हाक मारली तर चंद्रभागा धावत येईल. जनी माझा हात सोडील. मग तिचा धरील.

पुन्हा ओढते आहे. गज निसटतोय —

नाही मारणार हाक. जनी, मी आहे ना. तू इथेच — माझ्याजवळ — आई येईपर्यंत तरी थां