गळणाऱ्या नळाचा अरैखिक अभ्यास

६ मे
संशोधनरजेवर अनसिंग येथे अस्मादिकांचे शुभागमन झाले. स्वागतास उन्हाची झळ, धूळ आणि घरमालकीण अंगुरीबाई. मागची खोली सर्वोत्तम: तिथला नळ गळतो! अन्य भाडेकरू ज्यावरून कलह करतील, त्यावर मी लुब्ध झालो. यत्किंचित कारणातून प्रचंड परिणाम कसा उद्भवतो, हे थेंबांच्या तालावरून सिद्ध करणे हे माझे अर्ध्या आयुष्याचे व्रत. या जैन घराचा नियम एकच: विहिरीचे पाणी फडक्याने गाळून टाकीत भरावे आणि ते फडके धुतलेले पाणी, त्यातील जीवांसह, त्याच विहिरीत परत सोडावे. मान्य केला.

९ मे
माझे संशोधन विभागप्रमुख भागवत यांच्या नावे छापून आले. मी तळटीपेतही नाही! संतापाने फडके मोरीत पिळले. अंगुरीबाई म्हणाल्या, "काहून फेकून राह्यले, सर? त्यायचं घर विहिरीत हाये. तुमाले जमत नसन तं मले सांगत जा." ओंजळभर पाण्यासाठी केवढे प्रवचन!

११ मे
थेंबांचे वर्तन असभ्य आहे. भागवतांचे स्मरण होताच ते द्रुत होतात, वाचनास बसताच विलंबित. नाडीवर बोट ठेवले. ताल एकच. शास्त्रात यास समकालन म्हणतात. शरीरात यास घाम म्हणतात.

१२ मे
नळ घट्ट आवळला. शुद्धीवर आलो तेव्हा फरशीवर होतो. तोंडावर शिंपडण्यासाठी अंगुरीबाईंनी नळ सोडला, म्हणून वाचलो. ओठ निळे पडले होते म्हणे.

१३ मे
पापक्षालनार्थ विहिरीवर गेलो. आटली आहे. सोडणार कुठे? आणि काय? मोरीत पिळलेले जीव केव्हाच वाहून गेले. टँकरची घागर टाकीत ओतली, तर हृदय अडखळले. म्हणजे माझे आयुष्य उरले ते टाकीतल्या जुन्या पाण्याइतकेच. क्रोध आला की थेंब वाढतात. सबब शांत राहणे. मी!

१४ मे
भागवतांचा फोन. 'त्यांच्या' शोधाबद्दल सत्कार आहे. मानपत्र मी लिहावे, माझी भाषा भारदस्त आहे म्हणे—
थेंब नव्हे. धार.
शांत. मी शांत आहे. टाकीचा तळ दिसतो—
अंगुरीबाई पुन्हा फोन घेऊन दारात. नको म्हणतो, तर त्या निरोपच सांगतात—मजकुरात 'मौलिक संशोधन' हे शब्द अवश्य यावेत—
मौलिक! त्या अधमाचे मौलि