साकु म्हणजे काय, आप्पा?

आप्पा, चिकोडीहून निपाणीला येताना सूर्य उसाच्या फडाकडे कलला की तुम्ही ट्रक कडेला घ्यायचात. मी कॉन्व्हेंटच्या गणवेशात, अंगाखाली तुमचा टॉवेल, कारण सीटवरची तंबाखूची भुकटी फ्रॉकला लागली की सिस्टर वर्गात नाक मुरडायच्या. दिवस मावळायच्या आत जेवायचं हा आपल्या घरचा नेम तुम्ही रस्त्यावरही मोडला नाहीत. बंपरवर डबा उघडलेला, भाकरी, दह्यात कालवलेली शेंगाचटणी. ओळखीचे ड्रायव्हर जाता जाता ओरडतात, “आप्पा, तुमची गाडी डिझेलवर न्हाय, सूर्यावर चालती व्हय?” आणि तुम्ही घास वर धरून म्हणता, “या की मग जेवायला. अंधारात किडं खातायसा काय!”

आज सकाळपासून मी खासबागेतल्या या घरात नुसत्या फेऱ्या मारते आहे. चहा केला, प्यायचा राहिला. ज्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात बसून मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्यांना माल मिळवून दिला, ते मालक आता बंद करताहेत. एक सहाचाकी ट्रक मला देऊ म्हणतात, पण उद्यापर्यंत उत्तर हवं. घर तारण ठेवावं लागेल. तुमचे जावई गेल्यानंतर माझं म्हणून हे घर एवढंच उरलं आहे. कडोलीची भाजी, चिकोडीची साखर, कोल्हापूरचा परतीचा माल; कोण कधी गाडी मागतो हे मला पाठ आहे. पण गाडी चार दिवस दारात उभी राहिली की काय होतं, तेही पाठ आहे.

मुलगा बंगळुरूहून फोनवर म्हणाला, “आई, या वयात लोक शिखरजीच्या यात्रेला जातात. तू टायर बघायला निघालीस!” मी म्हटलं, “शिखरजीलाही टायरवरूनच जातात रे.” तो हसला नाही.

पण मला अडवत होता तो मुलगा नव्हे, तुम्ही. शेवटच्या आजारात तुमची वाचा जवळजवळ गेली होती. खिडकीतून दारातल्या ट्रककडे बोट केलंत आणि एकच शब्द बोललात, “साकु.” वखारीत पोती पुरेशी चढली की हमालांना तुम्ही हेच ओरडायचात, साकु, साकु, पुरे. आम्ही सगळ्यांनी तेच ऐकलं. तेरावा झाला आणि काकांनी ट्रक विकला. पुढे कधीही स्वतःची गाडी घ्यावीशी वाटली की तो शब्द आडवा यायचा.

गेल्या महिन्यात बंगळुरूला गेले होते. नातीनं रस्त्यावरचं कुत्र्याचं पिल्लू घरात आणलं. मी म्हटलं, सोडून ये. ती पाय आपटत ओरडली, “इल्ला अज्जी, साकोणा!” मी सुनेला म्हटलं, “बघ, मलाच पुरे म्हणते.” सून कानडी घरातली. ती हसत सुटली. “पुरे नव्हे अत्ते, पाळू या म्हणते. साकु म्हणजे पुरे, आणि साकु म्हणजे पाळ, सांभाळ, हेही.”

माझं कानडी बाजारापुरतं, तुमचं मात्र घरचं होतं. मग त्या दिवशी तुम्ही काय म्हणालात, आप्पा? पुरे की सांभाळ? बोटाकडे पाहिलं तर एक वाटतं, डोळे आठवले तर दुसरं. दोन्ही तुम्हाला शोभतं. आता सांगायला कुणी नाही. आणि खरं सांगू, मला सोयीचा अर्थ उचलून तो तुमच्या नावावर खपवावा, असंही वाटत नाही. मला गाडी हवी आहे. तुमची इच्छा म्हणून नव्हे. डिझेलचा वास आला की अजून माझी मान वळते, म्हणून.

धंदा बुडाला तर घर जाईल, तेव्हा आतल्या वस्तू आधीच सांगून ठेवते. आईच्या पाटल्या सुनेला. तांब्याचा बंब धाकट्या बहिणीला, तिला तो लहानपणापासून हवा होता. माझी इंग्रजी पुस्तकं नातीला, पिल्लानं कुरतडली तरी चालतील. तुमचं घड्याळ मुलाला, बंद आहे हे सांगून. ही यादी वेगळ्या कागदावर उतरवेन; हे पत्र मात्र कुणालाच द्यायचं नाही. आणि मालकांना होकार, तो मी सकाळीच देऊन टाकला, आप्पा. तुम्हाला विचारायला बसले ती त्यानंतर.