दिलं म्हणजे दिलं

ती. वन्संना सा. न.

तुमचा गुडघा कसा आहे हे रीतीप्रमाणे आधी विचारते, मग राग काढते. पायऱ्या उतरताना अजून कळ येते का? ऑपरेशनचं तुम्ही ‘बघू’ म्हणाला होतात, त्याचं पुढे काय झालं? तुमच्या भावाची तब्येत उत्तम आहे (दोन वेळा जेवतात आणि उरलेला वेळ मला हसतात). मीही ठीक आहे, म्हणजे चालते-फिरते. पण गेल्या मंगळवारी माझ्या तळपायाची आग जी मस्तकात गेली, ती अजून खाली उतरायला तयार नाही. तुम्ही वयाने, मानाने आणि इंग्रजीने मोठ्या, म्हणून तोंडावर मी काही बोलणार नाही. पत्रात मात्र बोलणार आहे.

आमच्या वॉर्डातली इन्चार्ज सिस्टरची जागा रिकामी होतेय असं मी फोनवर सांगितलं, तेव्हा तुम्ही अभिनंदनाच्या आधी माझं इंग्रजी काढलंत. मुलाखत इंग्रजीत होणार आणि माझ्याकडे क्रियापदं पाचच, गिव्ह, टेक, गो, कम आणि सॉरी, असं म्हणून खूप हसलात. (सॉरी हे क्रियापदच नाही, हे नंतर सांगितलंत.) हसून थांबला असतात तर मी विसरलेही असते. पण पस्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलेलं माणूस थांबतंय कुठलं! आठ दिवसांत पार्सल हजर. दोनशे पानी वही, स्वतः रेघा मारलेली, पानापानावर एकेक क्रियापद आणि त्याखाली त्याची दहा-दहा भावंडं. पहिल्या पानावर लाल शाईत हुकूम होता की रोज पाच शब्द पाठ करायचे आणि त्याच दिवशी कामात वापरायचे, नाहीतर ते गंजतात. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, वन्सं. उंट तुमच्या गावात आणि शेळी इथे बारा खाटांच्या वॉर्डात.

घरात तुमच्या भावाने परीक्षकाची खुर्ची पटकावली. मी चहा मागितला की ‘पिणे’चे पाच शब्द सांग, मग कप. मी ‘बसते जरा’ म्हटलं की बसण्याचे पाच. (ज्यांचे स्वतःचे रजेचे इंग्रजी अर्ज एकोणीस वर्षं मी लिहून देतेय, त्यांनी ही मिजास करावी?) तरी मी पाठ केले. भाजी चिरताना केले, बसस्टॉपवर केले, जिन्यावर पायरीला एक शब्द या हिशेबाने केले. कारण ती जागा मला हवी होती. तीन वेळा माझ्या हाताखाली शिकलेल्या मुली माझ्या डोक्यावर येऊन बसल्या आहेत, आणि दर वेळी कारण एकच सांगितलं गेलं, इंग्रजी कच्चं.

आता मंगळवार. आमच्याकडे प्रत्येक खाटेला एक औषधांचा कागद असतो. औषध दिलं की वेळ घालायची, ‘गिव्हन’ लिहायचं, सही करायची. एकोणीस वर्षं मी हे लिहीत आले. त्या दिवशी मात्र बारा कागदांवर बारा वेळा तोच शब्द लिहायचा म्हणजे मला अडाणीपणा वाटायला लागला. तुमचं ‘गिव्ह’चं पान ताजं पाठ होतं. मग काय, हात दाखवून अवलक्षण! एका खाटेला मी ‘सप्लाइड’ लिहिलं, एकीला ‘प्रेझेंटेड’. सात नंबरला कोर्टातले निवृत्त कारकून आहेत, त्यांना मान म्हणून ‘ग्रँटेड’. नऊ नंबरच्या पोट साफ होण्याच्या औषधापुढे ‘ऑफर्ड’. अकराला ‘एक्स्टेंडेड’. दोन वाजता ड्युटी संपवून मी घरी आले, ती स्वतःवर इतकी खूश की रिक्षावाल्यालासुद्धा थँक्यू म्हटलं.

आमच्या वॉर्डात ‘ऑफर्ड’ कधी लिहितात माहितेय? औषध पुढे केलं आणि पेशंटने घेतलं नाही, तेव्हा. हे मलाही माहीत आहे, वन्सं! मीच नव्या मुलींना शिकवते! पण वहीत तुम्ही ते ‘गिव्ह’च्या खाली दुसऱ्या नंबरवर घातलंत आणि मी डोकं घरी ठेवून पाठ केलं. दुपारच्या चष्मेवाल्या सिस्टरने कागद बघून नऊ नंबरला पुन्हा तेवढंच औषध पाजलं. तो बापडा चार दिवस अडलेला, कोणी काहीही दिलं तरी पीत होता. पाच वाजता भेटायला नातेवाईक आले आणि तेव्हाच दोन्ही डोस एकदम कामाला लागले. वॉर्डाला संडास एक. बाहेर टॉवेल घेऊन कोर्टाचे कारकून उभे, आत नऊ नंबर, आणि त्याच्या सासूबाई दाराबाहेरूनच तब्येतीची चौकशी करतायत.

इथवर तुम्ही हसला असाल. हसा. पण अकरा नंबरला रक्त पातळ करायची गोळी असते, ती दोनदा गेली असती तर हसायला कोणी उरलं नसतं. चष्मेवाली त्या कागदापाशी अडली आणि तिने मला फोन केला, नेमकं काय केलंत म्हणून. तुमच्या वहीतला एक शब्द आठवला नाही. दिलंय, दिलंय, दिलंय, एवढंच मी ओरडत राहिले, आणि मग स्वयंपाकघरातच फरशीवर बसून रडले.

दुसऱ्या दिवशी मेट्रनबाईंनी बोलावलं. मला वाटलं आरडाओरडा होईल. त्या शांतपणे म्हणाल्या, “सिस्टर, शब्द बदलला की वाचणाऱ्याला वाटतं काम बदललं.” त्यांनी इंग्रजीत लेखी खुलासा मागितला आणि तोवर मुलाखत थांबवली. राग तुमचा आला, तुमच्या भावाचा आला, वहीचा आला. सगळ्यांत जास्त माझा मला आला. सही माझी होती.

तुमची वही परत पाठवतेय. घरातल्या थोरांना नमस्कार, लहानांना ‘अभ्यास कर, पण बेतानं’ असा आशीर्वाद.

तुमची भावजय

ता. क. खुलासा तुमच्याकडून लिहून घेणार होते. मग माझ्याच क्रियापदांत लिहिला. औषध दिलं, चुकीचं लिहिलं, पुन्हा असं लिहिणार नाही. तीन ओळी. मेट्रनबाईंनी वाचून फाइलला लावला आणि शुक्रवारी अकराला मुलाखतीला या म्हणाल्या.

ता. क. पत्र पर्समध्येच राहिलं, म्हणून हेही लिहिते. जागा मला मिळाली.

ता. क. आता मुद्द्याचं. तुमची तीन वर्षांची पत्रं काल काढून वाचली. ऑपरेशनबद्दल एकात ‘बघू’, एकात ‘ठरवते’, एकात ‘विचार चालू आहे’, एकात ‘योग आला की’. सगळ्यांचा अर्थ एकच, वन्सं, भीती वाटते. मला सरळ लिहायचं होतंत. शेजारच्या बायकांच्या वॉर्डात खिडकीजवळची खाट पुढच्या सोमवारपासून तुमच्या नावाने धरली आहे, तिथल्या इन्चार्जशी बोलले आहे. तुमचे भाऊ शनिवारी न्यायला येतील. औषधं मी स्वतः येऊन देईन, आणि कागदावर दर वेळी ‘गिव्हन’ लिहीन.