धावजी राठोड यांचे नाव दगडावर यावे म्हणून

मी, जमनाबाई हरिसिंग जाधव, वय एक्याऐंशी, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेली नर्स, राहणार रूपला तांडा, तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ, आज पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या मर्जीने आणि स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे की नाही अशी शंका कोणाला असेल तर त्याने सकाळी यावं. दुपारी मी झोपते.

पहिलं. दिग्रसचं घर मुलगा संजय याला. तांड्यातलं हे घर मुलगी ममता हिला. बँकेतली ठेव दोघांनी अर्धी अर्धी घ्यावी आणि तोंडं वाकडी करू नयेत.

दुसरं. बाळं तोलायचा माझा काटा दवाखान्यातल्या नव्या नर्सबाईंना द्यावा. त्या काट्यात अर्धा तांडा लटकून गेला आहे, देवस्थान समितीचा अध्यक्ष रामलालसुद्धा. तेव्हाही तो फार ओरडला होता.

तिसरं, आणि ज्यासाठी हा सगळा खटाटोप मांडला ते. देवळासमोरची मोकळी जागा माझ्या आईची, तिच्यानंतर माझी. समितीला तिथे सभामंडप बांधायचा आहे. मी ती जागा फुकट देते. अट एकच: देवळापाशी लढाईत गेलेल्या तांड्यातल्या माणसांचा जो दगड उभा केला आहे, त्यावर माझे वडील धावजी राठोड यांचं नाव कोरलं पाहिजे. तीन नावं आहेत. चौथं का नाही, ते लिहून ठेवते, म्हणजे मी गेल्यावर कोणी नवी गोष्ट रचणार नाही.

वडील दुसऱ्या महायुद्धात खेचरांच्या पलटणीत होते. पिढ्यान् पिढ्या बैलांवर माल लादून देश हिंडलेल्या माणसाला ते काम काय अवघड! दिवाळीला एकदा रजेवर आले आणि परत बर्मात गेले. मग ना तार, ना पेन्शन. तांड्यात कोणीतरी उठवलं की धावजी पलटण सोडून पळाला, मुंबईत दुसरी बाई करून राहिला. माझी याडी, म्हणजे आई, मानीबाई. आमच्यात नवरा गेला की बाईने दंडावरचा चुडा उतरवायचा. पंच म्हणाले, उतरव. ती म्हणाली, "मले कोनी येऊन सांगतलं काय, का तो मेला म्हनून? मंग काहून उतरवू?" मरेपर्यंत दंडावर चुडा होता. बायका तोंडावर पदर घेऊन हसायच्या. मी ते हसणं पाहत मोठी झाले, आणि अजून मला त्याचा राग आहे.

दोन वर्षांपूर्वी नात राखीने मोबाईलवर एक जुना फोटो दाखवला. मेहकरच्या एका कुटुंबाने आपल्या आजोबांचा लढाईतला अल्बम टाकला होता. चिखल, खेचरांची रांग, पुढच्या खेचरापाशी एक माणूस, आणि त्या खेचराच्या कपाळावर कवड्यांची पट्टी. मी ओरडलेच. याडीने तशा दोन पट्ट्या शिवल्या होत्या, जोडीच्या बैलांना. एक वडील रजेवरून जाताना घेऊन गेले, दुसरी माझ्या पेटीत. नजर लागू नये म्हणून याडी प्रत्येक कामात डावीकडची एक कवडी मुद्दाम उलटी शिवायची.

एसटीने मेहकरला गेले. पट्टी फोटोशेजारी ठेवली. भिंग लावलं. डावीकडची कवडी उलटी. त्या घरातल्या म्हाताऱ्या सूनबाईंनी मला पाणी दिलं आणि म्हणाल्या, "आमचे सासरे ह्याले कवडीवालाच म्हनत. खेचरं नदीत उतरून नव्हती राह्यली, तं हा पुढच्या खेचराले धरून पहिले उतरला. वरून बाँब पडला. मानूसबी नाही सापडला, खेचरबी नाही." नाव त्यांना ठाऊक नव्हतं. मी सांगितलं. तिथेच बसून मी मोकळेपणाने रडले, लाज कसली?

फोटो घेऊन समितीपुढे गेले. रामलाल म्हणतो, "मावशी, हा मानूस तं खेचराचा पट्टा आवळून राह्यला. पाठमोरा हाय. तोंड कुठं दिसते?" वर म्हणतो, "तुमच्या मायनंच चुडा नाही उतरवला, मंग तो मेला कसा?" म्हणजे जिने विश्वास ठेवला, तिचा विश्वासच नवऱ्याविरुद्ध साक्षीला उभा केला! अरे, काम करणारा माणूस फोटोसाठी वळून उभा राहत नसतो. माझा मोतीबिंदूनंतरचा चष्मा रामलालला द्यावा, ही माझी लेखी इच्छा आहे.

माझ्या मृत्यूनंतर वर्षभरात नाव कोरलं नाही, तर ती जागा संजयला जावी. त्याने तिथे म्हशी बांधाव्यात, अगदी देवळाच्या तोंडाशी, आणि कोणाच्या हातापाया पडण्याला भीक घालू नये.

नाव कोरलं जाईल त्या दिवशी ममताने याडीचा चुडा, जो चितेआधी मी काढून ठेवला, सगळ्या तांड्यासमक्ष दगडापाशी ठेवावा आणि मग अरुणावती नदीत सोडावा. तो गेला हे याडीला येऊन सांगणारं आता कोणीतरी आहे. पट्टी आणि फोटोची प्रत राखीकडे राहील. पट्टी धुवायची नाही.

शेवटचं, सहीबद्दल. मी याडीच्या पोटात आहे हे वडील परत गेले तेव्हा तिलाही माहीत नव्हतं. शाळेत बापाचं नाव घेतलं की पोरं हसायची, म्हणून मास्तरांनी मामाचं लावलं. पुढे नवऱ्याचं लागलं. वकील म्हणाले, आधी आधारकार्डावरची सही करा, मग खाली काय लिहायचं ते लिहा. तसंच करते. वडिलांचं नाव मी माझ्या नावापुढे आजवर कधीच लिहिलेलं नाही.

ठिकाण: रूपला तांडा
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५

आमच्यासमक्ष वाचून सही केली:
१. अक्षय विठ्ठलराव गावंडे, दारव्हा
२. सुखीबाई बाबूसिंग पवार, रूपला तांडा

लिहून देणार:
जमनाबाई हरिसिंग जाधव

जमना धावजी राठोड